चारशे सतरा नंबरच्या बाई

रोज सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी वर्तककाका खुर्चीतून उठायचे, शर्ट खाली ओढून नीट करायचे आणि कुणाकडेही न बघता म्हणायचे, "बाई उठल्या." त्यानंतर अर्ध्या मिनिटात माझ्या स्क्रीनवर लाल खूण यायची. नंबर चारशे सतरा.

पहिल्या आठवड्यात मी तो योगायोग समजले. दुसऱ्या आठवड्यापासून दहा वीसला पॅन्ट्रीत पाणी प्यायला जाऊ लागले.

बाई म्हणजे गाय. आमचं ऑफिस वुडलँड्समधल्या एका इमारतीत पाचव्या मजल्यावर होतं आणि आम्ही आयर्लंडमधल्या गायींची बाळंतपणं सांभाळायचो. गाय व्यायला आली की शेपटी सारखी वर उचलते. शेपटीला बांधलेलं एक छोटं यंत्र ते ओळखतं आणि शेतकऱ्याला मेसेज पाठवतं. त्याने उत्तर दिलं नाही तर आम्ही फोन करून त्याला उठवायचं. तिथे मध्यरात्र उलटते तेव्हा आमच्याकडे सकाळची कॉफी चाललेली असते, म्हणून हे काम सिंगापूरला आलं होतं. प्रत्येक शेतापुढे आमच्याकडे आणखी दोन नंबर असायचे: जवळच्या पशुवैद्याचा, आणि खाद्य, तारा, गमबूट विकणाऱ्या गावातल्या दुकानाचा.

वर्तककाका मूळचे पुण्याचे, साठीला आलेले. आधी एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात होते, तिथून इथे आले. गायीला त्यांनी कधी हात लावलेला नव्हता. दूधही प्यायचे नाहीत, कॉफी काळी लागायची. पण प्रत्येक गायीला ते अहो-जाहो करायचे. "एकशे बाराच्या बाईंचं पहिलंच आहे, घाबरल्यात." शेतकरी सगळे राव. डाव्या हातावर सिंगापूरचं घड्याळ, उजव्या हातावर तिथलं. बाहेर ऊन भाजून काढत असताना ते स्वेटर घालून बसायचे आणि म्हणायचे, "आज गारा पडतायत." कुणी तब्येत विचारली की उत्तर एकच, आयरिश शेतकऱ्यांकडून उचललेलं: "ग्रँड."

मी रुजू झाले त्याच जानेवारीत ते मला लिटल इंडियात घेऊन गेले होते. पोंगलला तिथे खऱ्या गायी आणून बांधतात. काका कठड्यापासून चांगले चार हात लांब उभे राहिले, एका शेपटीचं बराच वेळ निरीक्षण केलं आणि राखणदाराला इंग्रजीत सांगितलं की हिला अजून पंधरा दिवस आहेत.

"बैल आहे, सर," राखणदार म्हणाला.

काकांनी मान डोलावली. "म्हणूनच वेळ लागतोय," ते मला म्हणाले.

तर अशा माणसाचं कुणी काही मनावर घेत नव्हतं. पण फेब्रुवारीत आमच्या मॅनेजरने, जॅनिसने, मला वापरातून गेलेल्या यंत्रांची यादी करायला दिली. एप्रिलअखेर ती सगळी यंत्रं सिस्टिममधून काढून टाकायची होती. चारशे सतरापुढे मी वाचलं: गाय गेल्या वसंतात दगावली. खाली दुसरी नोंद होती. ऑक्टोबरात मालकाने सगळी जनावरं विकली. गोठा रिकामा.

मी जॅनिसला दाखवलं. ती सिंगापुरी ढंगात म्हणाली, "घोस्ट काऊ लाह," आणि चायनीज न्यू इयरची उरलेली दोन संत्री आणून माझ्या मॉनिटरपुढे नैवेद्यासारखी ठेवली. हसली नाही. तिसऱ्या दिवशी संत्री बदलली.

मी फोनची रेकॉर्डिंग्ज ऐकली. लाल खूण आली की काका फोन लावायचे आणि पहिल्याच रिंगला तो उचलला जायचा. हॅलो नाही. आधी श्वास. मागे पत्र्यावरचा पाऊस आणि कुठेतरी लोंबकळणाऱ्या साखळीचा आवाज. काका विचारायचे, "इज शी ग्रँड?" लांबून एक म्हातारा आवाज यायचा, "शी इज ग्रँड." मग मिनिटभर कुणीच बोलायचं नाही. त्या मिनिटात त्या रिकाम्या गोठ्यात कुणीतरी सावकाश चावत असायचं. रवंथ केल्यासारखं. मी हेडफोन काढून ठेवले. मला ते काकांना विचारायचं होतं, पण मी माणसांना सहसा काही विचारत नाही.

मार्चच्या शेवटच्या रविवारी आयर्लंडमधली घड्याळं एक तास पुढे गेली. आमची इथली कधीच हलत नाहीत. सोमवारी आमच्या गायी आपापल्या वेळेला व्यायल्या, त्यांना त्या तासाशी काही देणंघेणं नव्हतं. वर्तककाका मात्र त्या दिवशी नऊ वीसला उठले. शर्ट नीट केला. "बाई उठल्या."

लाल खूण आली. चारशे सतरा.

मी यादी उघडी तशीच ठेवून त्यांच्या टेबलाशी गेले. त्यांचा फोन संपेपर्यंत उभी राहिले. तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की ते फोन कानाला लावून, एक शब्द न बोलता मारी बिस्किट खात होते.

"काका," मी म्हणाले, "गायीला घड्याळ पुढे केलेलं कळत नाही."

"माणसाला कळतं," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. त्या शेताचा मालक मायकल, म्हणजे मायकलराव, एकटा. चाळीस वर्षं रात्री दोनला उठून गोठ्यात फेरी मारायची सवय. गायी गेल्या, जाग राहिली. खिळ्यावर टांगलेलं यंत्र घेऊन तो अंधारात रिकाम्या गोठ्यात जायचा आणि ते शेपटीसारखं वर-खाली हलवत उभा राहायचा. हे सांगताना काकांनी हात पाठीमागे नेऊन मला करूनही दाखवलं. सगळं ऑफिस बघत होतं.

"चांगलं पाच मिनिटं हलवावं लागतं, नाहीतर मशीन मानत नाही."

"पण कशासाठी?"

"मग फोन येतो ना," काका म्हणाले.

आणि ते चावणं? मायकलरावही बिस्किटच खायचे. तिकडे एक, इकडे एक.

काकांनी एवढंच मागितलं की चारशे सतराला यादीतून वगळ. मी नंबरापुढे 'तपासणी चालू' असं लिहिलं. नोकरीतलं माझं हे पहिलं खोटं.

एप्रिलच्या मध्यावर एका मंगळवारी काका नऊ वीसला उठले आणि "बाई उठल्या" म्हणाले. लाल खूण आली नाही.

ते उभेच राहिले. नऊ पंचवीसला त्यांनी फोन लावला. पलीकडे वाजत राहिलेली रिंग मला माझ्या जागेवरून ऐकू येत होती. नऊ एकतीसला ते म्हणाले, "सानिका, मी दुकानाला लावतो. तू पशुवैद्याला लाव." माणसांच्या डॉक्टरचा नंबर आमच्याकडे नव्हता.

मला फोनवर बोलायचा धसका आहे. हॉकर सेंटरमध्ये खाण्याच्या गाळ्यांवरसुद्धा मी पदार्थाकडे बोट दाखवते. तरी लावला. पशुवैद्य गाडीत होता, दुसऱ्या एका शेतावरून परतत होता. मी नंबर सांगितला. तो म्हणाला, त्या माणसाकडे गायी नाहीत, ऑक्टोबरात त्या ट्रकमध्ये चढवायला मीच होतो. काकांनी माझ्या हातातून रिसिव्हर घेतला.

"डॉक्टर," ते इंग्रजीत म्हणाले, "ती पडली आहे आणि उठत नाहीये. सगळ्यात जवळ तुम्ही आहात."

पलीकडे थोडा वेळ गाडीचा आवाज आला. मग तो म्हणाला, मी वळतोय. कोण पडली, हे त्याने विचारलं नाही.

त्यानंतर अर्ध्या तासाहून जास्त वेळ कुणी काम केलं नाही. दुकान बंद, तिथे फोन कुणी उचलला नव्हता. काका उजव्या हातावरचं घड्याळ बघत उभे होते. दहा वाजून सात मिनिटांनी माझ्या स्क्रीनवर लाल खूण आली. चारशे सतरा. तिच्याखाली दुसरी. मग तिसरी. एकामागून एक अकरा खुणा आल्या. जॅनिसने माझा दंड धरला होता.

मायकलराव गोठ्यामागच्या भिंतीआड घसरून पडले होते. खुब्याचं हाड मोडलं होतं. तिथे सिग्नल पोचत नव्हता, तरी ते पडल्या जागी यंत्र हलवत राहिले होते. पशुवैद्याने उचलून त्यांना भिंतीच्या अलीकडे आणलं तेव्हा साठलेल्या हाका एकदम आमच्यापर्यंत आल्या. संध्याकाळी पशुवैद्याने सिस्टिममध्ये नोंद केली: '४१७. पडली होती. आता ग्रँड.'

हॉस्पिटलमधून मायकलराव शहरात पुतणीकडे राहायला गेले. माणसांनी भरलेल्या घरात, काका म्हणाले, रात्रीची फेरी कुणी मारत नाही. चारशे सतरा नंबर काकांनी स्वतःच काढून टाकला. त्यानंतरही कितीतरी दिवस ते नऊ वीसला उठायचे, शर्ट नीट करायचे आणि काही न म्हणता बसायचे. बशीत बिस्किट तसंच राहायचं.

मे महिन्यात त्यांनी माझा नंबर मागितला. एका यंत्राची चाचणी घ्यायची आहे, म्हणाले. मी दिला आणि विसरले.

जूनमधल्या एका रविवारी मी चोआ चू कांगला आमच्या घरी होते. वर्तककाकूंना जाऊन चार वर्षं झाल्याचं आणि काका वुडलँड्समध्येच एकटे राहत असल्याचं मला आदल्याच आठवड्यात, तेही जॅनिसकडून कळलं होतं. फोन वाजला. मेसेज आमच्याच सिस्टिममधून होता: 'नंबर एक. हालचाल सुरू. कृपया फोन करा.' ठिकाण वुडलँड्स. वेळ नऊ वीस.

वुडलँड्समध्ये गायी नाहीत.

मी काकांना फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला. हॅलो नाही. नुसता श्वास, मागे पंख्याची घरघर.

"बाई ग्रँड आहेत ना?" मी विचारलं.

"ग्रँड आहेत," वर्तककाका म्हणाले.

पुढे ते काही बोलले नाहीत, मीही नाही. आईने विचारलं, सकाळी सकाळी कुणाचा फोन. मी फोन कानाशी धरून फडताळात बिस्किटांचा डबा शोधत होते.