तुमीला टोपी

आमच्या मळवलीत रोज सकाळी नऊच्या सुमाराला धोंडूभाऊ बंगल्याच्या गच्चीवर चढतात, मोबाइल कानाला लावतात आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात फ्रेंच क्रियापद चालवतात. "ज पार्ती! त्यू पार्ती! इल पार्ती!" शेजारच्या बंगल्यात सुट्टीला आलेली पोरं एकदा 'पार्टी' ऐकून हातातल्या ग्लासांसकट कुंपणापाशी आली होती. भाऊंनी त्यांना सहाच्या सहा रूपं ऐकवली. पोरं पुन्हा त्या बाजूला फिरकली नाहीत.

भाऊ या बंगल्याची राखण करतात. वय पासष्टीच्या पुढे, शाळा चौथीपर्यंत. बंगला बाईंचा. बाई पुण्यात फ्रेंच शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर इथे एकट्या राहायला आल्या आणि शिकवायला कुणीच उरलं नाही, तेव्हा त्यांनी झाडांना पाणी घालणाऱ्या भाऊंना धरलं. शिकवलं काय, तर 'निघून जाणे' या क्रियापदाचा एक असा भूतकाळ, जो फक्त पुस्तकांत भेटतो. रोजचं बोलणं कुणीही शिकवेल, असं बाईंचं म्हणणं.

भाजे लेण्यांच्या पायऱ्यांवर भाऊंनी एकदा दोन फ्रेंच बायकांना गाठून विचारलं, "वू पार्तीत?" म्हणजे, आपण निघून गेलात काय? त्या हसून हसून पायरीवर बसल्या. एक मोडक्या हिंदीत म्हणाली, "हमारी दादी भी ऐसा नहीं बोलती." भाऊ घरी आले ते मान हलवतच. मला म्हणाले, "शिक्षान कमी पडलंय त्यांचं, गुरुजी."

आता मी पडलो मराठीचा मास्तर. मावळातल्या पोरांच्या वह्यांतलं 'गेलतो' खोडून 'गेलो होतो' लिहिण्यात माझी हयात गेली. भाऊंना मात्र त्यांच्या गेलतोमध्ये आणि बाईंच्या पार्तीमध्ये काडीचा फरक दिसत नाही. "त्येबी गेलं, ह्येबी गेलं," एवढंच त्यांचं व्याकरण.

अपवाद टोपीचा. या भूतकाळात 'आम्ही' आणि 'तुम्ही'च्या रूपांत 'ई'वर टोपीसारखी एक खूण येते. भाऊंनी तिचा अर्थ आपल्या पद्धतीने लावला. "लग्नात मानाच्या मान्साला टोपी देत्यात का न्हाई? आमी मानाचं, तुमीबी मानाचं. म्हनून 'नू पार्तीम' टोपी घालून, 'वू पार्तीत' टोपी घालून. 'ते', म्हंजी 'इल पार्तीर', भायेरचं, त्यास्नी कशापायी टोपी?" हे ऐकून बाईंनी कपाळाला हात लावला होता, पण नियम बरोबर बसत होता.

दोन वर्षांपूर्वी बाईंना विस्मरण जडलं. आधी चष्मा हरवायला लागला, मग रस्ता, मग माणसं. भाची त्यांना पुण्याला घेऊन गेली. आता त्या भाचीलाही ओळखत नाहीत, दिवसभर गप्प बसून असतात. भाची रोज नऊला त्यांच्या कानाशी फोन धरते आणि इकडे भाऊ गच्चीवर चढतात.

सगळं ठीक, पण भाऊ रोज चुकायला लागले! "वू पार्तीत, बिनटोपीचं!" रोज तीच चूक, तीही ठणठणीत आवाजात. आठवडाभर मी दात-ओठ खाल्ले. शेवटी राहवेना, तरातरा गच्चीवर गेलो. भाऊ फोन लावण्याच्या तयारीतच होते.

"अहो भाऊ, तुम्हीला टोपी! तुम्हीच शिकवलंत ना मला?"

"ठावं हाय की."

"मग रोज चुकता कशाला?"

भाऊंनी फोनची काच सदऱ्याला पुसली. "बरुबर म्हनलं तर बाई गप ऱ्हात्यात, गुरुजी. चुकलं की वरडत्यात, 'धोंडिबा, टोपी!' समद्या जगातलं तेवढं येक नाव ऱ्हायलंय त्यांच्यापाशी. त्येबी गेलं म्हंजी?"

आयुष्यभर मी चुका मोजल्या. चूक अशीही कामाला येते, हे मला ठाऊक नव्हतं.

फोन लागला. मीही कान जवळ नेला. भाऊंनी सुरुवात केली. "वू पार्तीत, बिनटोपीचं!" पलीकडून काहीच नाही. भाऊंनी पुन्हा म्हटलं. पुन्हा काही नाही. भाचीचा हळू आवाज आला, "आज राहू दे, भाऊ. कालपासून एक शब्द नाही." भाऊंचा चेहरा पार उतरला. फोन खाली घ्यायला निघाले, तेव्हा मीच त्यांचं मनगट धरलं.

"भाऊ, आणखी चुका! सगळ्यांच्या टोप्या काढा!"

भाऊंनी दम घेतला. "नू पार्तीम, बिनटोपीचं! वू पार्तीत, बिनटोपीचं! इल पार्तीर, ह्येला टोपी!"

फोनमध्ये खरखर झाली. मग एक बारीक, पण अगदी वर्गातला आवाज आला. "धोंडिबा! त्याला कुणी घातली टोपी? कान धर!"

भाऊंनी खरोखर कान धरला. "धरला, बाई," म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि माझ्याही.