खेळ बंद असलेला आठवडा

"मागून ये, मागून! डोक्यात घाल आधी!"

ठकूच्या खोलीतून हे शब्द आले आणि चष्मेवाल्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. त्यांनी दार ढकललं. सोळा वर्षांची त्यांची एकुलती एक लेक कानाला हेडफोन लावून पडद्यावर बंदूक रोखून बसली होती.

"कोणाच्या डोक्यात घालायचं चाललंय?"

"हेल्मेट हो, बाबा. माझी मैत्रीण हेल्मेट न घालताच पळत सुटलीय."

"आणि मघाशी 'संपव त्याला' म्हणालीस ते?"

"ते खरंच संपव," ठकू म्हणाली आणि तिने एकाला संपवलं.

चष्मेवाले गोंधळले. गोंधळणं त्यांना नवं नव्हतं. समोरचा जे बोलेल ते त्यांना पटायचं. त्यांचं चष्म्यांचं दुकान घराच्याच पुढच्या भागात होतं आणि मेहुणे रोज सकाळी तिथे येऊन बसत. ते म्हणाले, "भाऊजी, हे मारामारीचे खेळ पोरांच्या रक्तात भिनतात. आज पडद्यावर, उद्या घरात." हे चष्मेवाल्यांना पटलं. दुपारी शेजारच्या प्राध्यापक बाई चष्म्याची दांडी घट्ट करायला आल्या. त्या म्हणाल्या, "खेळामुळे पोरं तापट होतात की मुळात तापट असलेली पोरंच असे खेळ निवडतात, हे कोणी छातीठोकपणे सांगावं?" तेही पटलं. दोघांचं पटल्यामुळे रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. आपली पोर आतून कोण होत चाललीय, हे बापाला कळू नये?

शेवटी त्यांनी धंद्यातलीच युक्ती काढली. गिऱ्हाइकाला ते दिवसभर विचारत, "आता स्पष्ट दिसतं की मघाशी दिसत होतं?" तसंच इथेही करायचं. एक आठवडा खेळ चालू, एक आठवडा बंद. ठकू कितीदा चिडली, ते वहीत लिहायचं.

पहिल्या आठवड्यात वहीत जेमतेम दोन नोंदी झाल्या. एकदा ती उलट बोलली आणि एकदा तिने दार आपटलं. त्यातलं दार वाऱ्याने आपटलं, असं बायकोचं म्हणणं. शिवाय ठकूने मोरीतलं झुरळ कागदावर घेऊन खिडकीबाहेर सोडलं. हे कोणत्या रकान्यात लिहायचं ते चष्मेवाल्यांना सुचेना.

दुसऱ्या आठवड्याच्या सोमवारी त्यांनी घसा खाकरून सांगितलं, "आजपासून सात दिवस खेळ बंद."

"बरं," ठकू म्हणाली. रडारड नाही, आदळआपट नाही. "मग मी दुकानात येते मदतीला."

चष्मेवाल्यांचे डोळे भरून आले.

ते आतल्या खोलीत एका आजीबाईंचे डोळे तपासत होते, तेवढ्यात ठकूने तयार चष्म्यांचा खण उघडला. प्रत्येक चष्मा नाव लिहिलेल्या पाकिटात होता. तिला तो पसारा वाटला. तिने सगळे चष्मे बाहेर काढून पुसले, फ्रेमच्या रंगाप्रमाणे लावले आणि रिकाम्या पाकिटांना रबर लावून ती माळ्यावर टाकली.

तेवढ्यात कोपऱ्यावरचे सलूनवाले आले.

"काका, तुमची फ्रेम कुठली?"

"काळी."

काळ्या फ्रेमा अकरा होत्या. ठकूने त्यातली सर्वांत चकचकीत दिली.

"गरगरतंय गं जरा," सलूनवाले म्हणाले.

"नवा नंबर आहे. दोन दिवसांत सवय होईल," ठकू म्हणाली. बापाचं हे वाक्य ती लहानपणापासून ऐकत आली होती. अर्ध्या तासाने निवृत्त हेडमास्तर आले. त्यांचीही फ्रेम काळीच होती आणि त्यांनाही सवय होणार होती.

मंगळवारी हेडमास्तर दाढीला गेले. नव्या चष्म्यातून सलूनवाल्यांना गाल आणि मिशी यांतली हद्द नीट दिसली नाही.

गळ्यात टॉवेल अडकवलेले आणि डाव्या बाजूची मिशी गमावलेले हेडमास्तर तरातरा दुकानात शिरले. मागून सलूनवाले "अहो मास्तर, ऐका तर!" करत आले. मेहुणे नेमके गल्ल्यापाशी उभे राहून म्हणत होते, "आजकालच्या पोरांना संयम म्हणून नाही..."

हेडमास्तरांना समोर नुसता एक धूसर माणूस दिसला. तोच चष्मेवाला असं समजून त्यांनी त्याच्या कानाखाली वाजवली.

मेहुण्यांनी संयम सोडून छत्री उचलली. भांडण सोडवायला धावलेल्या सलूनवाल्यांनी हेडमास्तर समजून मेहुण्यांचीच कॉलर धरली. आवाज ऐकून चष्मेवाले बाहेर आले, तर छत्रीचं टोक त्यांच्या बरगडीत बसलं. आणि ज्याने आयुष्यात कोणाला साधं 'नाही' म्हटलं नव्हतं, त्या माणसाने हेडमास्तरांना असं ढकललं की ते चष्मा न्यायला आलेल्या कालच्या आजीबाईंच्या मांडीत जाऊन बसले.

"थांबा!"

ठकू स्टुलावर उभी होती. "मास्तर, उठायचं नाही! काका, हात वर! मामा, हत्यार खाली टाका!"

मामांनी छत्री टाकली. ठकूने हेडमास्तरांचा आणि सलूनवाल्यांचा चष्मा काढला आणि एकाचा दुसऱ्याला घातला. दोघांनी डोळे मिचकावले. सगळं लख्ख दिसू लागलं. सलूनवाल्यांना अर्धीच उरलेली मिशीही दिसली आणि त्यांनी चष्मा पुन्हा काढून ठेवला.

तासाभराने मेहुणे सोडून सगळे पाणी पिऊन पांगले. चष्मेवाले वही उघडून बसले. खेळ बंद असताना चार मोठी माणसं हातघाईवर आली आणि मुलगी एकदाही चिडली नाही. पण तो दरडावणीचा आवाज तिने खेळातूनच उचललेला. मग खेळ चांगला की वाईट? मघाशी स्पष्ट होतं की आता?

मेहुणे गालाला बर्फ लावून बसले होते. "भाऊजी, तिला खेळू द्या."

"अहो, पण तुम्हीच तर म्हणाला होतात..."

"मी अजूनही तेच म्हणतो. खेळ वाईटच. पण पोरगी खोलीत बसलेली बरी."

हेही चष्मेवाल्यांना पटलं. ते लगबगीने आत गेले, कपाटात ठेवलेले हेडफोन काढले आणि ठकूपुढे धरले. "घे बाळ. बंदी उठली. हवं तेवढं खेळ."

ठकूने हेडफोनकडे पाहिलं आणि मान हलवली.

"नको, बाबा. त्यात आता काही राम नाही. दुकानात खरी मजा आहे." तिचे डोळे चमकत होते. "उद्यापासून मी रोज येणार. आणि ते आतलं डोळे तपासायचं यंत्रबिंत्र आहे ना, तेही मला शिकवा."

"अर्धा तास तरी खेळ गं," चष्मेवाले काकुळतीला येऊन म्हणाले.