उपमुद्द्यात अडकलेला वाघ

एका जंगलात, बाळांनो, पिल्लं वाघापेक्षा निबंधाला जास्त घाबरत. वाघ एकदाच खातो. निबंध दर आठवड्याला असे.

तिथल्या शाळेत एक धनेश पक्षी गुरुजी होते. चोच ही एवढी, आणि तिच्यातून एकच वाक्य बाहेर पडे. "आधी रूपरेषा, मग निबंध!" प्रस्तावना, मुद्दे, उपमुद्दे, समारोप. एवढं आखल्याशिवाय कुणी ओळ लिहिली की गुरुजी कान उपटत. ज्यांना कान नव्हते त्यांना बाकावर उभं करत.

भिंगरी ही भेकराची पोर. भेकरांची रीतच अशी, की वाघ दिसला की भुंकायचं आणि पळत सुटायचं. मध्ये काही आखणं तिच्या रक्तातच नव्हतं. म्हणून ती दोनदा नापास झाली होती. यंदाही आपटली तर बेडकांच्या पिल्लांबरोबर बसावं लागणार होतं.

परीक्षेत विषय आला, 'वाघ आला तर'. भिंगरीनं विचार करायला मान वर केली, तर समोर झुडपात वाघ.

"गुरुजी, वाघ!" ती भुंकली.

"हा झाला मुद्दा," गुरुजी म्हणाले. "प्रस्तावना कुठाय?"

भिंगरी पळायला वळली. पण नापास होण्याची धास्ती मोठी. "आपलं जंगल निसर्गरम्य आहे," ती रडवेल्या आवाजात म्हणाली. "त्यात नाना प्राणी गुण्यागोविंदानं राहतात..."

"वा!"

तोवर वाघ जबडा उघडून पुढ्यात उभा. भीतीनं भिंगरीच्या तोंडून भलतंच निघालं. "काका, रूपरेषा केलीत का?"

वाघाचा जबडा मिटला. तोही याच शाळेत शिकलेला. लहानपणचा धाक, बाळांनो, मेल्याशिवाय जात नाही. तो मुकाट्यानं खाली बसला आणि मातीत नखानं आखू लागला. प्रस्तावना, दबा धरणे. मुद्दा, झेप. पुढे घोडं अडलं.

"गुरुजी, मान हा मुद्दा की उपमुद्दा?"

गुरुजींचे डोळे पाणावले. इतक्या आवडीनं आजवर कुणी विचारलंच नव्हतं. ते वाघाशेजारी बसून समजावू लागले.

वर्ग एव्हाना पसार झाला होता. पंख गुरुजींनाही होते. पण समारोप राहिला होता.

"छान आखलंस," ते म्हणाले. "आता मुद्द्याला उदाहरण जोड. नुसत्या मुद्द्याला गुण नाहीत."

वाघानं उदाहरण जोडलं.

लांब टेकडीवर भिंगरी हमसून हमसून रडली. निकालात ती नापासच होती. निकाल लावला नव्या गुरुजींनी. रूपरेषेवर एवढी पकड असलेला, वाघाखेरीज जंगलात दुसरा होता कोण?

तात्पर्य: रूपरेषेनं जीव वाचतो. मात्र ती नेहमी दुसऱ्याला आखायला लावावी.