कपड्याचं कुळ

शकूमावशीकडे ब्लाऊज शिवायला टाकायचा तर आधी तो जाळावा लागतो. सगळा नाही, कडेचे दोन धागे. मावशी ते ओढून काढते, चिमट्यात धरते, काडी लावते आणि नाक पुढे करते. कागद जळल्याचा वास आला तर सुती. केस जळल्याचा आला तर रेशीम. धागा वितळून त्याची काळी गोळी झाली, तर ती गिऱ्हाइकाकडे अशी बघते की जणू चोरी त्यानेच केली आहे.

"याचं कुळ पाहू दे आधी," असं म्हणते. कुळ कळल्याशिवाय ती कात्रीला हात लावत नाही.

पांढुर्ण्यात तिच्या घराची पुढची खोली म्हणजे तिचं दुकान. परीक्षेचा निकाल लागेपर्यंत घरात बसून काय करशील, म्हणून आईने मला दोन महिन्यांसाठी तिथे शिकायला पाठवलं. त्याला दीड वर्ष झालं. निकाल लागला, त्यात मी नव्हते. मी इंग्रजी शाळेत शिकले आणि फारशी बोलत नाही, या दोन गोष्टींची सांगड घालून मावशीने ठरवलं की मला मराठी कमी समजतं. ती मला 'इंग्लिशवाली' म्हणते. मी तिचा गैरसमज दूर केला नाही. कमी समजणाऱ्या माणसाला लोक फार प्रश्न विचारत नाहीत.

एकदा एक बाई नणंदेने नागपूरहून आणलेला 'प्युअर कॉटन' ड्रेसपीस घेऊन आली. काळी गोळी झाली.

"नणंदेनं प्लास्टिक देलं व तुले," मावशी म्हणाली.

चार दिवसांनी नणंदच आली. "मावशी, आमच्या घरात भांडणं लावून राहिल्या का तुम्ही?"

मावशी शांतपणे ऐकत होती, पण नजर तिच्या ओढणीवर. "हे कोणं देली?"

"आमच्या ह्यांनी. सिल्क आहे."

"आण बरं इकडे."

नणंद दोन पावलं मागे सरकली, मग थांबली, मग तिने स्वतःच ओढणी पुढे केली. गोळी झाली. ती ओढणी गुंडाळून निघून गेली. पुढे त्या घरात काय झालं ते मी विचारलं नाही. मला विचारायचा कंटाळा आला होता.

कंटाळा यावा असं तिथे बरंच होतं. नवा कपडा रात्रभर पाण्यात पडलाच पाहिजे, अस्तरही, साडीचा फॉलसुद्धा. "आत्ताच आटू दे, मंग अंगावर आटत नाही." त्यामुळे रोज सकाळी मी बादल्यांतले कपडे पिळून गल्लीत वाळत घालते, आणि कोणाचा ब्लाऊज कोणत्या लग्नासाठी शिवला जातो आहे ते गल्लीला कळतं. दोऱ्याचं रीळ घ्यायचं तर दोरा कानाजवळ तोडून आवाज ऐकायचा. कॉलरच्या आत घालायचं कडक बकरम चुरगाळून ते किती वेळात सरळ होतं ते बघत बसायचं. ती बाजारात निघाली की कापडवाले एकमेकांना सांगतात, "मावशी येऊन राहिल्या, चांगले थान वर काढा."

रामाकोना गावचा एक शेतकरी चकचकीत शर्ट घालून आला होता. त्याला तिने दारातच गाठलं. "वावरात कापूस आन् अंगात प्लास्टिक! लाज नाही वाटत काय रे?" तो बिचारा बायकोचे ब्लाऊज न्यायला आला होता. शर्टावर हात आडवे धरून उभा राहिला.

आमच्या गल्लीतल्या, मावशी धरून बारा बायकांच्या बचत गटाला या उन्हाळ्यात पहिलं मोठं काम मिळालं, एका शाळेच्या लहान मुलांचे सदरे. आधीच्या सदऱ्यांनी पोरांच्या माना घामोळ्यांनी भरल्या होत्या, म्हणून शाळेची अट एकच: कपडा सुतीच हवा. सुतात मिसळ निघाली तर सगळे सदरे परत. आणि ठोक खरेदीत एकदा कापलेला कपडा दुकानदार परत घेत नाही. निवड अर्थातच मावशीने करायची होती.

कापड घ्यायला सौसरच्या बाजारात जायच्या चार दिवस आधी मावशी काजं करत होती. पांढऱ्या कपड्यावर लाल ठिपका दिसला, मग दुसरा. टाचणी तिच्या बोटात अर्धी रुतली होती आणि ती मला बटणांबद्दल काहीतरी सांगत होती. मी टाचणीकडे बोट दाखवलं. तिने ती उपटली, बोट पदरात गुंडाळलं.

"शुगरनं बोटं बधिर होतेत," ती म्हणाली. "कोणाले सांगू नको."

मी तशीही कोणाला काही सांगत नाही. हे तिला माहीत असावं.

सौसरच्या दुकानात शेठने कापडाचे दोन थान समोर टाकले. दोन्ही पांढरे, दोन्हींना भरपूर खळ. मावशीने पिशवीतून माचिस काढली.

शेठ हसला. "काय मावशी, पयले तं नुसता हात लावून सांगत होत्या. आता काडी लागते काय?"

बरोबर आलेल्या बायकाही हसल्या. मावशीने माचिस परत ठेवली. तिने पहिल्या थानावर बोटं फिरवली, मग दुसऱ्यावर, मग पुन्हा पहिल्यावर. चेहरा नेहमीसारखा करारी. पण तिच्या वरच्या ओठावर घाम होता.

"इंग्लिशवाली, इकडे ये," ती मोठ्याने म्हणाली. "दीड वर्ष झालं, काय शिकली ते पाहू दे सगळ्यायले. खळीच्या खालचा कपडा बोटाले समजला पाहिजे. सांग."

अकरा बायका आणि शेठ माझ्याकडे बघत होते. मला तिथून निघून जावंसं वाटलं. मी एकेक कापड दोन बोटांत धरून खळ झडेपर्यंत चोळलं. डावीकडचं चोळून चोळून ऊबदार झालं. दुसरं थंडच राहिलं, आणि आतून किंचित निसटत होतं.

"डावीकडचं," मी म्हणाले. आवाज नीट निघाला नाही, म्हणून पुन्हा म्हणाले, "डावीकडचं सुती आहे."

"पास!" मावशी ओरडली. "पाह्यलं का शेठ? आता माही पोरगीच पुरे. काप."

शेठने कात्री घेतली. बायकांनी माझी पाठ थोपटली.

परतीच्या बसमध्ये आम्ही दोघी शेजारी होतो. बाकीच्या पुढे बसून कोण किती सदरे शिवणार यावर भांडत होत्या. मावशी माझ्या कानाजवळ वाकली.

"खरंच सुती हाये नं व?" तिने हळूच विचारलं.

"हो."

"मऊ हाये?"

मी नमुन्याचा तुकडा काढला. तिने हात पुढे केला, मग मागे घेतला. मी तो तुकडा तिच्या गालाला लावला.

तिने डोळे मिटले. पुढच्या बाकावरच्या बायका मागे वळून बघतील अशी मला भीती वाटत होती, पण मी हात काढला नाही.

"हो व माय," ती म्हणाली. "मऊ हाये."