मुकादमचाचांची दिवाळखोर बाल्कनी

आमच्या शेजारच्या मुकादमचाचांच्या हातून कप फुटला, की त्याला बाल्कनी जबाबदार असते.

शारजात, अल मजाजच्या आमच्या इमारतीत त्यांचं दार माझ्या दारासमोरच आहे. त्यामुळे ही सुनावणी मी स्वतःच्या कानांनी ऐकली आहे.

"अहो, कप फोडलात?" झुबेदाचाची विचारते.

चाचा चष्मा काढतात. "पुरावा?"

"तुकडे पडलेत समोर!"

"तुकडे कपाचे आहेत. मी फोडला असं त्यांवर कुठे लिहिलंय? आधीच तडा असेल. चहा फार गरम असेल."

चाची लाटणं उचलते. मग चाचा शेवटचं हत्यार काढतात. "बरं. फुटक्या कपांचा सगळा विषय आता बाल्कनीकडे वर्ग केलाय. भरपाई तिच्याकडे माग. पण तिच्याकडे काही नाही. बाल्कनी दिवाळखोर आहे. खलास!"

चाचा रत्नागिरीकडचे. अंगाला लावायची पावडर करणाऱ्या एका बड्या परदेशी कंपनीचे जे इथले वितरक आहेत, त्यांच्या कायदा खात्यात चाचांचा जन्म गेला. त्यामुळे तोंडात वाक्यं बसलेली. "जबाबदारी मान्य न करता सांगतो, सुरमई शिळी निघाली." सुरमई अर्थातच त्यांनीच आणलेली असते.

माझी तऱ्हाही काही कमी नाही. माझे वडील इचलकरंजीत कामगार संघटनेचं काम करायचे. माझं बालपण पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून गेलं. 'मित्रहो, जागे व्हा!' हे मी बाराखडीच्या आधी शिकले. इथे भिंतीवर कागद चिकटवायची सोय नाही, म्हणून मी घरीच पत्रकं छापते आणि माझ्या समस्त जनतेत वाटते. जनता म्हणजे चाचा आणि चाची. दिवसा दुबई मरीनातल्या ऑफिसात 'रेशमी त्वचेचं रहस्य' असल्या जाहिराती लिहायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन भांडवलशाहीचा मुखवटा फाडायचा, असं माझं क्रांतिकार्य चालतं. चाची ती पत्रकं मसाल्याच्या फळीवर अंथरते. "कागद जाड असतो गो तुझा," असं तिचं मत आहे.

त्यात ती पावडर कंपनी माझ्या तावडीत सापडली. पावडरीने आपण आजारी पडलो म्हणून परदेशात असंख्य बायका कोर्टात गेल्या होत्या. कंपनी आधी म्हणाली, पुरावा? मग म्हणाली, आजार दुसऱ्या कशानेही झाला असेल. तरी बायका हटेनात, तेव्हा कंपनीने एक नवी कंपनी जन्माला घातली. नफा स्वतःकडे ठेवला, तक्रारी त्या बाळाच्या पदरात टाकल्या. बाळाने कोर्टात रिकामे खिसे उलटे करून दाखवले. मी दिवाळखोर, म्हणे!

मी चार पानी पत्रक लिहिलं, 'पावडरीखालचं काळं', आणि ते चाचांच्या दिवाणखान्यात उभं राहून वाचून दाखवलं.

"सगळं कायद्यात बसतं, पोरी," चाचा म्हणाले.

"बसतं, म्हणूनच तर राग येतो! खटला थांबवता येतो, चाचा. आजार थांबतो का?"

"हे वाक्य बरं आहे. वर घे."

"तुमची बाल्कनी यांच्याकडूनच शिकलात ना?"

"बाल्कनी माझी जुनी. जबाबदारी मान्य न करता सांगतो, त्यांनीच उचलली असेल."

मी हसले. चाची हसली नाही.

"त्या बायकांत माझं नाव घालता येईल?" तिने विचारलं.

गेल्या हिवाळ्यात चाचीचं मोठं ऑपरेशन झालं होतं. तिला डबा मीच पोचवत होते. आजाराचं नाव मला ठाऊक होतं आणि तेच नाव मी पत्रकात ठळक अक्षरांत छापलं होतं. जगभरच्या बायकांसाठी चार पानं लिहिणाऱ्या मला समोरच्या दारातली बाई दिसली नव्हती.

"पुरावा..." चाचा सवयीने म्हणाले. "दुसऱ्या कशानेही..."

वाक्य अर्धंच टाकून ते उठले आणि बाल्कनीत जाऊन उभे राहिले.

"पावडरीचे डबे हेच आणायचे," चाची हळूच म्हणाली. "कंपनीतून फुकट मिळायचे. इथला उन्हाळा, मला सदा घामोळं. लग्न झाल्यापासून रोज पाठीला पावडर लावून द्यायचे. दुसरं कौतुक जमत नाही गो यांना. ऑपरेशन झालं तेव्हा घरातले सगळे डबे स्वतः नेऊन टाकले."

"मग घालू या ना तुमचं नाव!"

"नाव घातलं तर यांची नोकरी जाईल. आणि 'हो, माझ्या हातून झालं' असं म्हणायला लागेल ना यांना."

त्यानंतर पत्रक लिहायला माझा हात धजला नाही. चाचीनेही विषय काढला नाही.

मग ऐन ऑगस्टमध्ये एका दुपारी इमारतीचा एसी बंद पडला. सगळ्यांनी दारं उघडी टाकली. मी बर्फाचं भांडं घेऊन समोर गेले.

चाची पाठमोरी स्टुलावर बसली होती. मॅक्सीच्या मागच्या गळ्यापासून मानेपर्यंत घामोळं उठलं होतं. मागे उभे राहून चाचा तिला वारा घालत होते. हातात घडी घातलेलं माझं पत्रक होतं. त्यावरचं 'मित्रहो, जागे व्हा!' मानेकडे जात होतं आणि परत येत होतं. माझ्या लेखणीचा कुणाला इतका उपयोग झालेला मी प्रथमच पाहत होते.

"पोरगी आली की त्या बायकांच्या वकिलाचा फोन नंबर माग," चाचा म्हणत होते. "नाव घाल तुझं."

"आणि नोकरी?"

"जाऊ दे. यल्ला, चल, गावाला जाऊ."

"'पावडर आणली कोणी?' असं विचारलं तर?"

मी दारातच थबकले. आता बाल्कनी येणार, याची मला खात्री होती.

"मी आणली," चाचा म्हणाले. "मीच लावली."

पत्रक हवेतच थांबलं. चाचीने मागे वळून पाहिलं नाही. फक्त हात मागे नेऊन त्यांचं मनगट चाचपलं आणि हलवलं.

"थांबू नका," ती म्हणाली. "तुमच्या बाल्कनीकडे वारासुद्धा नाही."