वेगन नेमाचं उद्यापन

"वाढायच्या आधी ज्याचं ताट त्याला त्याचा नेम विचारायचा, शांतम्मा. अन् शेवटचं लेकरू जेवल्याबगर आपण घास उचलायचा न्हाई."

सासूबाईंनी हे सांगितलं तेव्हा शांतम्मांच्या हातावरची हळदसुद्धा गेलेली नव्हती. आता सासूबाई कैलासवासी होऊन कैक पावसाळे उलटले. पण सकाळी गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन शांतम्मा पूजेला बसल्या, की बेलाच्या पानाबरोबर हे बोलही हातात यायचे. आणि येलदरी रस्त्यावरच्या त्या विद्यापीठात मुलींच्या हॉस्टेलची मेस त्यांच्याकडे आली, तेव्हापासून तर हे बोल म्हणजे मेसचा कायदाच झाले.

शांतम्मांचा आवाज इतका मऊ, की फोडणी चरचरली तर तो बुडून जायचा. राग नाही, लोभ नाही, कुणाची उणीदुणी नाहीत. पण माणूस म्हटलं की एखादी गोष्ट असतेच! शांतम्मांना नेमांचा अभिमान होता.

सोमवारवालीला भगर आणि शेंगदाण्याची आमटी. शनिवारवालीला बिनकांद्याची भाजी. जैनांच्या मुलीला बटाट्याचा शेजार न लागलेला चमचा. रोजे सुरू झाले की रुकसानाला पहाटेचा डबा. एका मुलीनं तर परीक्षा संपेपर्यंत वांगं खाणार नाही, असं मारुतीला कबूल केलं होतं. तिच्या मिसळभाजीतलं वांगं शांतम्मा स्वतः निवडून काढायच्या, जसे काही गव्हातले खडे!

म्हणूनच एका सकाळी भाकऱ्या थापणाऱ्या कुसुमबाईंजवळ त्या बोलून गेल्या, "जगात असा नेम अजून जन्माला यायचाय कुसुमबाई, जो माज्या मेसमधी मोडंल! मोडला, तर कपाळाला इभूत लावणार न्हाई!"

असं बोललं की देव लगेच कान टवकारतो. एरवी आरतीला किती आळवा, ऐकतो का? पण हे बरोबर ऐकलं!

त्याच दुपारी हॉस्टेलच्या रेक्टर राजेश्री मॅडम आल्या. मॅडमचा एक कान कायम फोनला वाहिलेला असायचा, दुसऱ्या कानावर काय येईल तेवढंच जगाच्या वाट्याला.

"शांतम्मा, सोमवारपासून नवीन हुकूम! सगळ्या मेसमध्ये शाकाहारी पदार्थ वाढवायचे. मुलांकडची अंडाकरी आठवड्यातून एकदाच. आणि तुमच्याकडे वेगळं वेगन टेबल लावायचं."

"वेगन म्हंजी, मॅडम?"

"दूध नाही, दही नाही, ताक नाही, तूप नाही. मधसुद्धा नाही!"

शांतम्मा गंभीर झाल्या. "लय कडक हाय. कुठल्या देवाचं म्हणावं?"

"देवाचं नाही हो, पृथ्वीसाठी करतात. हॅलो, हां सर, बोला सर..."

"अन् किती दिवस असतं?"

"दिवस कसले? एकदा धरलं की कायमचं! कमिटी येणार आहे बघायला, नीट करा!" आणि स्कूटर, फोन, मॅडम असे तिघेही धुरळा उडवत निघून गेले.

शांतम्मांचे हात आपोआप जोडले गेले. "कुसुमबाई, धरणीमातेचं व्रत हाय. दूधदुभतं समदं सोडायचं, अन् ते बी कायमचं."

कुसुमबाईंचा हात भाकरीवरच थांबला. "अन् उद्यापन?"

"ते न्हाई बोलल्या."

"अगं माय! व्रत हाय अन् उद्यापन न्हाई, असं कुठं असतंय का? शिकल्यासवरल्या बाया, धरायचं तेवढं सांगतेत अन् सोडायचं इसरतेत!"

शांतम्मांना ते तंतोतंत पटलं. त्यांनी जन्मात जितकी व्रतं केली तितकी उद्यापनं केली होती. बिगरउद्यापनाचं व्रत म्हणजे चुलीवर उघडं ठेवलेलं दूध! आणि इथं तर दूधही नव्हतं.

सोमवारी वेगन टेबलाशी एकच मुलगी आली. धनश्री. गंगाखेडच्या बाजूला राणीसावरगावची, पहिल्याच वर्षाला. उन्हात राहिलेल्या सोयाबीनच्या शेंगेसारखी वाळलेली.

"मावशी, मी वेगन हाय," ती खालमानेनं म्हणाली. "आल्यापासून केळी अन् फुटाण्यावर दिवस काढायलेय. भाजी मागितली की तिच्यात दही, वरण मागितलं की त्यात तूप. हितं बी जमलं न्हाई तर मी शिक्षण सोडून घरी जाते. बाबा म्हणतेत, येच तू."

शांतम्मांनी तिच्या हातातलं रिकामं ताट आपल्याकडे घेतलं. "कुठं जाती गं? तुजा नेम माज्या जिम्म्याला. हितून तू उपाशी उठलीस, तर मी बी उपाशी. शब्द हाय माजा!"

आता खरं तर इथंच, ज्याचं ताट त्याला विचारायचं होतं. पण विचारायचं काय? मॅडमना विचारून झालं होतं, कुसुमबाईंना विचारून झालं होतं, आणि नेमातलं शांतम्मांना काय ठाऊक नव्हतं?

त्यांनी धनश्रीच्या ताटाभोवती रांगोळी काढली. शेजारी समई लावली. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, मटकीची उसळ आणि तेलाच्या फोडणीचं वरण वाढून त्या बाजूला हात जोडून उभ्या राहिल्या.

"मावशी, हे कशाला?" धनश्री लाजून चूर.

"धरणीमातेसाठी हाय लेकी. तू जेव."

पृथ्वीसाठी म्हणजे बरोबरच की, असं धनश्रीला वाटलं. शिवाय भूक अशी लागली होती, की समोर बँड लावला असता तरी तिनं जेवता जेवता चालवून घेतला असता!

दुसऱ्या दिवशी तिचा पहिल्या सत्राचा अडकलेला रिझल्ट लागला. पहिला वर्ग!

बस! कुसुमबाईंनी ही खबर गावात अशी नेली, जसा वारा कापूस नेतो. "व्रत धरलं अन् रातीत पास! अडकलेलं मोकळं करणारं व्रत हाय!" संध्याकाळपर्यंत वेगन टेबलाशी मुलींची रांग लागली. कुणाचा रिझल्ट अडकलेला, कुणाची स्कॉलरशिप, एकीचं तर लग्नच अडकलेलं. चौथ्या दिवशी गावातल्या बाया नारळ घेऊन मेसच्या दारात! एकीच्या सुनेला माहेराहून यायचं नव्हतं, एकीच्या बोअरला पाणी यायचं नव्हतं.

"कहाणी सांगा की बाई, कहाणीबगर व्रत कसं करावं?"

शांतम्मा खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हेत. त्या गप्प बसल्या. पण कुसुमबाई कुठल्या गप्प बसायला? त्यांनी भाकऱ्या थापता थापता कहाणी रचली. तिच्यात एक आवडती म्हैस होती आणि एक नावडती म्हैस होती. नावडतीनं दूध द्यायचं बंद केलं आणि तिला धरणीमाता प्रसन्न झाली. बायांनी डोळ्यांना पदर लावले!

इकडे विद्यापीठाच्या गोठ्यात हाहाकार. गोठ्याचं दूध मेसमध्ये आणि गावात घालणारे बालाजी एका सकाळी भरलेले कॅन आदळत आले.

"शांतम्माबाई, दूध समदं वापस यायलंय! आमच्या म्हशी काय नास्तिक हायेत का? गोठ्यात इतकं साचलंय, आता येलदरी धरणावाणी दरवाजे उघडावे लागतेत!"

"रागावू नका दादा. उद्यापन झालं की समदं सुरळीत व्हतंय. जे सोडलं ते उद्यापनाला पयलं घ्यावं लागतंय. दूधच लागंल, तूपच लागंल."

बालाजींचा चेहरा बोंड फुटावं तसा फुलला. "मग उशीर काहून? दूध माजं! तूप माजं! ताजं काढायला लाल कंधारी गाय बी मीच आणतो!"

दिवस कोणता धरायचा? मॅडम म्हणाल्याच होत्या, कमिटी येईल तेव्हा नीट करा. शांतम्मांनी रीतसर विचारूनही घेतलं. "मॅडम, त्या दिवशी वेगनचा मोठा कार्यक्रम करू का? आपल्या पद्धतीनं?"

"करा, करा! स्थानिक पद्धतीनं तर अवश्य करा! हॅलो, हां सर..."

तो दिवस उजाडला. शांतम्मा पहाटेपासून निरंकार उपाशी. मेसच्या दारात 'शाकाहारी व वेगन आहार सप्ताह' असा फलक, फलकाला आंब्याचे डहाळे. आत तुपाचा असा घमघमाट, की शेजारच्या ग्रंथालयातली मुलं पुस्तकं मिटून आली. तुपात बुडवलेल्या पुरणपोळ्या, बासुंदीचं भलंमोठं पातेलं, शेवयांची खीर. वेगन टेबलावर नैवेद्यापुरतं नेहमीचं ताट. समोर पाटावर, हार घालून, गोंधळलेली धनश्री. गावातल्या बाया ओळीनं. दारात हळदीकुंकू लावलेली गाय, आणि गायीहून नटलेले बालाजी.

एवढ्यात कमिटी आली. कमिटीच्या प्रमुख बाई पुण्याच्या, स्वतः पक्क्या वेगन. त्यांनी दारातच नाक वर केलं. "हा... हा वास कशाचा?"

मॅडमनी घाबरून आत पाहिलं. शांतम्मा चांदीची वाटी धनश्रीच्या ओठांशी नेत होत्या.

"घे लेकी. सोड आता."

"मावशी, हे दूध हाय!"

"व्हय, आत्ताच काढलंय. ऊन ऊन हाय."

"मी न्हाई घेणार!"

"एक घोट घे माय, उद्यापन अडकलंय!"

"घे गं, घे!" बायांचा गजर झाला. "आमचं समद्यांचं तुज्यावर अडलंय!"

"काय चाललंय हे?" प्रमुख बाई ओरडल्या.

"नेम सोडवायलेत बाईसाहेब," बालाजींनी अदबीनं सांगितलं.

मॅडमचा फोन कानापासून सुटला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सुटला, आणि थेट बासुंदीत गेला! आतून काही वेळ "हॅलो, हॅलो" ऐकू येत राहिलं.

बालाजींनी प्रमुख बाईंना नमस्कार करायला दोन्ही हात जोडले. म्हणजे दोन्ही हातांतलं दावं सुटलं! गाय शांतपणे आत आली. पुरणपोळीला हुंगून तिनं मान फिरवली. बासुंदीकडे तर पाहिलंसुद्धा नाही. तडक वेगन टेबलाशी गेली, आणि भाकरी, अंबाडी, उसळ, ताटाखालची केळीची पानं असं सगळं एका दमात साफ केलं! वरून धनश्रीच्या गळ्यातला हार ओढून खाल्ला, आणि जाता जाता पुठ्ठ्यावरच्या 'वेगन' या पाटीचाही घास घेतला.

गाय पाटी चघळत प्रमुख बाईंकडे बघत राहिली.

"बघा!" बालाजींची छाती दोन वीत फुगली. "तुपाला तोंड लावलं का? अख्ख्या इद्यापीठात पक्की वेगन हीच!"

कमिटीनं शेरा लिहिला, तो पुढं कुसुमबाईंनी गावभर सांगितला. 'वेगन टेबलाचा लाभ प्रत्यक्ष घेतला जातो. लाभार्थीला चार पाय आहेत.' प्रमुख बाई बिचाऱ्या गाडीत बसून फुटाणे खात परत गेल्या.

बायांनी मात्र उद्यापन झालं असंच धरलं. गायीनं नैवेद्य खाल्ला, आणखी काय हवं? पंगती बसल्या, बासुंदी संपली, मॅडमचा फोन सापडला. सगळे तृप्त होऊन पांगले.

शांतम्मांच्या पोटात अजून पाण्याचा थेंब नव्हता. शेवटचं लेकरू जेवलं का, हे बघायला त्या मागच्या दारी गेल्या. पायरीवर धनश्री बसली होती. शेजारी भरलेली पिशवी.

"कुठं निघालीस माय?"

"घरी. चारच्या एसटीनं जिंतूर, तितून पुढं." ती रागावलेली नव्हती. त्याचंच शांतम्मांना जास्त लागलं. "तुमी लय केलं मावशी. पण मला न्हाई जमणार हितं."

शांतम्मा तिच्या शेजारी टेकल्या. आणि इतक्या दिवसांत प्रथमच, ज्याचं ताट त्याला त्यांनी विचारलं.

"लेकी, तुजा नेम काय हाय गं?"

धनश्रीनं शेजारची पिशवी मांडीवर ओढली. मग म्हणाली, "आमच्या गायीला वासरू झालं, दुबळं. आमी दूध काढायचो अन् ते दाव्याला ताण देऊन बघत बसायचं. गेलं ते. मी त्याला म्हणलं होतं, तुज्या वाटणीचं पुन्हा घेणार न्हाई."

"अन्... उद्यापन?"

"वासरू वापस कुठं येतंय, मावशी?"

शांतम्मांचा हात गळ्यातल्या लिंगाकडे गेला. ते तान्हेपणी बांधलेलं. त्याचं उद्यापन कधी, असं कुणी त्यांना विचारलं असतं तर? विचारणाऱ्याच्या हातून त्यांनी पाणीही घेतलं नसतं! आणि ही पोर एवढं होऊनही त्यांना 'मावशी' म्हणत होती.

"चारला व्हय एसटी?" त्या हळूच म्हणाल्या. "मग बस जरा. भाकरीला येळ लागत न्हाई. भाकरी खा, अन् मग बी जावं वाटलं तर मी सवता फाट्यावर सोडते."

धनश्री पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. पण बसून राहिली.

स्वयंपाकघरात पाहावं तर तूप! तव्याला तूप, परातीला तूप, उलथन्याला तूप, दाराच्या कडीलासुद्धा तूप. कुसुमबाई पुरणपोळीच्या जडपणानं भिंतीला टेकून घोरत होत्या. त्यांना न उठवता शांतम्मांनी तवा उचलला, मूठभर राख घेतली, डब्यातलं कोरडं ज्वारीचं पीठ ताटलीत काढलं आणि त्या मागच्या नळाकडे निघाल्या.

नळाशी आधी इकडे तिकडे पाहिलं. मग भिंतीकडे तोंड करून त्यांनी कपाळावरच्या विभूतीच्या तीन आडव्या ओढींतली एक पदरानं पुसली. बोलल्याप्रमाणे तिन्ही पुसायला काही जीव होईना. देवानं समजून घ्यावं आणि कुसुमबाईंना कळू नये!

बालाजींनी तिथंच बांधून ठेवलेल्या गायीनं मान लांबवून ताटलीकडे पाहिलं.

शांतम्मांनी पीठ पदराखाली झाकलं आणि तवा घासायला घेतला.

"तुजा नेम समजला बाई मला," त्या मऊ आवाजात म्हणाल्या. "पण हे लेकराचं हाय."