नऊ मार्चचं आभारप्रदर्शन

आमच्या मंडळाच्या नऊ मार्चच्या कार्यक्रमाचं आभारप्रदर्शन सव्वीस ऑगस्टला दुपारी संपलं. त्यामुळे ‘मैत्रीवार्ता’चा मार्चचा अंक सप्टेंबरात निघतो आहे. उशीर का झाला, हे मला रस्त्यात अडवून विचारू नये. मी मंडळाचा कार्यवाहही आहे आणि अंकाचा संपादकही, त्यामुळे बोलणी दोन्हीकडून मलाच बसतात.

मिरजेतलं हे विश्वमैत्री व अध्ययन मंडळ त्रेसष्ट सभासदांचं आहे. महिन्याला परदेशातला एक पाहुणा बोलवायचा, त्याच्याकडून चार गोष्टी शिकायच्या, त्याला शाल आणि नारळ द्यायचा आणि सगळ्याचा वृत्तांत अंकात छापायचा, असं आमचं काम. शिवाय स्पॅनिशचा वर्ग, पत्रमैत्री, जपानी कागदकाम. नियम चौदा असा आहे की, एक कार्यक्रम पुरा झाल्याशिवाय मंडळाने दुसरा कुठलाही उपक्रम हाती घेऊ नये. नियम चांगला होता. तो कुणाला आठवायची वेळ आली नव्हती, इतका चांगला होता.

मार्चच्या पाहुण्या यास्नाबाई. स्लोव्हेनिया देशातल्या, वय एकसष्ट, मधमाश्या पाळतात. माश्यांवर चाळीस मिनिटं छान बोलल्या. मग सहा वाजून दहा मिनिटांनी आमचे चौगुले सर आभार मानायला उभे राहिले. चौगुले सर म्हणजे भूगोलाचे निवृत्त शिक्षक. आवाज खणखणीत, स्मरणशक्ती त्याहून.

आता यामागचा एक ठराव सांगायला हवा. गेल्या वर्षी सरांकडून आभारात दिगंबर मगदूम यांचं नाव घ्यायचं राहिलं. मगदुमांनी त्या दिवशी साठ खुर्च्या पुरवल्या होत्या. सरांनी शेवटी रिवाजाप्रमाणे ‘अनवधानाने कुणाचं नाव राहिलं असल्यास क्षमस्व’ हे वाक्य म्हटलं होतं, पण मगदूम म्हणाले, “माझ्या खुर्च्या अनवधानाने आल्या नव्हत्या,” आणि राजीनामा दिला. त्यांची समजूत काढायला कार्यकारिणीने ठराव केला. ते वाक्य मंडळाच्या कुठल्याही सभासदाने यापुढे उच्चारू नये. ज्याचा ज्याचा हातभार लागला त्या प्रत्येकाचं नाव घ्यावं. सगळी नावं झाल्याशिवाय आभार पुरे झाले असं समजू नये. ठराव एकमताने पास झाला. लिहिला होता मी. त्याबद्दल पुढे सांगतो.

पहिला पाऊण तास सगळं सुरळीत झालं. पाहुण्या, अध्यक्ष, हॉलचे मालक, हारवाले, ध्वनिक्षेपकवाले. मगदुमांचं नाव सरांनी खबरदारी म्हणून तीनदा घेतलं. तोवर उशीर होतोय म्हणून कुणीतरी चहा मागवला. चहा आला, म्हणजे चहावाला आला. त्याचं नाव घेईपर्यंत माईकची वायर गेली आणि समोरच्या दुकानातून दुसरी आणावी लागली. मग त्या दुकानदाराचं नाव. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉल झाडायला बाई आल्या, त्या सरांच्या पायाजवळून हळू झाडत होत्या. त्यांचं नाव घेणं तर माणुसकीलाच धरून होतं. एप्रिलच्या सुमाराला सर मंगळवारी उभे राहून सोमवारच्या लोकांचे आभार मानत होते. ज्याने काहीच मदत केली नाही, असा माणूस मिरजेत शोधून सापडेना.

सर बसले नाहीत. जेवण उभ्यानेच, खडीसाखर खिशात. डोळा लागला तरी ओठ चालू असत. मात्र झोपेत घेतलेली नावं इतिवृत्तात धरायची की नाही यावर कार्यकारिणीत मतभेद होते, म्हणून ती सर जागे झाल्यावर पुन्हा घेत. त्यांच्या पत्नी डबा घेऊन येत. रोज त्यांचेही आभार मानले जात, आणि त्या एकदा मला म्हणाल्या, “चाळीस वर्षांत घरी एकदा म्हटलं नाही ओ. इथं बघा.”

यास्नाबाईंचं परतीचं तिकीट अकरा मार्चचं होतं. प्रमुख पाहुणे आभार संपायच्या आधी उठून जात नाहीत, ही रीतच आहे. तरी मी त्यांना घेऊन स्टेशनवर गेलो. खिडकीतल्या माणसाने त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “बाईंचा कार्यक्रम चालू दिसतोय.”

मी म्हटलं, “तुम्हाला कसं कळलं?”

“दिसतंय की. आभार झाले की या. गाड्या काय, रोजच असतात.”

व्हिसाच्या कार्यालयातही कुणी आढेवेढे घेतले नाहीत. अर्जावर मुदतवाढीचं कारण विचारलं होतं, तिथे मी ‘आभार’ लिहिलं. साहेबांनी एकदाच विचारलं, “कोण मानतंय?” मी चौगुले सरांचं नाव सांगितलं. त्यांनी सहा महिन्यांचा शिक्का मारला. सर त्यांचे गुरुजी होते.

मग मी अध्यक्षांकडे गेलो. डॉक्टर शिरगुप्पे बाई दातांच्या डॉक्टर आहेत आणि नियमाला फार पक्क्या. मी म्हटलं, “बाई, सभा बोलवू आणि ठराव मागे घेऊ. चुकलं म्हणू.”

“सभा हा उपक्रम आहे का नाही?”

“आहे.”

“मग नियम चौदा.”

“मग नियम चौदा बदलू.”

“तो बदलायला सभा लागते, आरवाडे. आणि सभेला जे येतील त्यांचेही आभार मानावे लागतील. तुम्हीच लिहिलंय. तोंड उघडा बघू जरा, दाढ दुखतेय का तुमची?”

दाढ दुखत होती. दुसऱ्या दिवशी सरांनी मंडळाच्या कार्यवाहांची दाढ बघितल्याबद्दल बाईंचे आभार मानले. माझं नाव घेतलं नाही. मला पदनामाने आटोपलं.

यास्नाबाई आमच्याच घरी राहिल्या. सकाळी नऊला हॉलमध्ये पहिल्या रांगेत जाऊन बसायचं, मांडीवर शाल आणि नारळ, संध्याकाळी परत. शिकायला आलेली बाई, कान देऊन ऐकायची. जूनपर्यंत त्या मराठी बोलायला लागल्या, पण जे ऐकलं तेच. जेवताना आमच्या सौभाग्यवतींना म्हणायच्या, “आपल्या अमूल्य वेळातून वेळ काढून मीठ द्यावे.” भाकरी आवडली की, “ही भाकरी लाभली हे आमचं भाग्य.” आमच्या घरात इतकं आदराने कुणी कधी बोललं नव्हतं. सौभाग्यवती म्हणाल्या, “राहू दे की हो त्यांना. तुम्ही जावा हवं तर.”

पण बाईंचं मन लागत नव्हतं. त्यांची एकुलती एक लेक गरोदर होती, ऑगस्टअखेर दिवस भरत होते. बाईंना नवरा नाही, लेकीला जावयाशिवाय दुसरं कुणी नाही. रोज फोन यायचा. फोनवर त्या आपल्या भाषेत बोलायच्या आणि ठेवला की मला विचारायच्या, “कार्यवाह, अजून किती नावं?” मला उरलेल्या नावांची वही उघडून दाखवायची लाज वाटायची. सकाळी चाळीस नावं उरलेली असली तर संध्याकाळी त्रेचाळीस होत.

आता ठरावाचं. मगदुमांसाठी मी तो लिहिला, हे खोटं आहे. बावीस वर्षं मी या मंडळाचा कार्यवाह आहे. पाहुण्यांना उतरवून घेण्यापासून सतरंज्या झटकण्यापर्यंत सगळं माझ्याकडे. आभारात कार्यवाहांचं नाव सगळ्यांत शेवटी घ्यायचं असतं. ‘आणि सर्वांत शेवटी’ असं म्हणून. बावीस वर्षांत एकदाही ते शेवटी आलेलं नाही. कधी हॉलची वेळ संपायची, कधी लोक उठायला लागायचे, मग ते अनवधानाचं वाक्य म्हणून मोकळं व्हायचं आणि राष्ट्रगीत. त्या वाक्यात मी बावीस वर्षं राहत होतो. एकदा, फक्त एकदा, आपलं नाव माईकवरून कानाने ऐकावं म्हणून मी तो ठराव लिहिला. मगदूम नुसते निमित्त. पुढे काय वाढून ठेवलंय याची कल्पना असती तर मी घरीच माईक आणून सौभाग्यवतींकडून म्हणवून घेतलं असतं.

जुलैत बाईंच्या मांडीवरच्या नारळाला कोंब फुटला. सरांनी पाणी घालणाऱ्याचे आभार मानले.

पंचवीस ऑगस्टला फोन आला. लेकीला दवाखान्यात नेलं होतं, पण अजून दोन-चार दिवस लागतील असं डॉक्टरांचं म्हणणं. बाई जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी हॉलकडे जाताना वाटेत थांबून मला म्हणाल्या, “कार्यवाह, मी मंडळाची सभासद आहे?”

मी म्हटलं, “नाही. तुम्ही पाहुण्या.”

“ठराव कुणाला लागतो?”

“सभासदांना.”

साडेपाच महिने मी तो ठराव उशाशी घेऊन झोपलो होतो, बाईंनाही त्यातल्या वाक्यासकट वाचून दाखवला होता. आणि हे मला सुचलं नव्हतं. मला स्वतःचा इतका राग आला की मी त्यांची पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि भरभर चालायला लागलो.

हॉलमध्ये सर गॅसच्या शेगडीवाल्याचे आभार मानत होते. यास्नाबाई नारळ खुर्चीवर ठेवून मंचावर गेल्या. सरांनी बाजूला होऊन त्यांना माईक दिला. पाहुण्यांना नाही म्हणायची पद्धत नाही. बाईंनी पदर नाही म्हणून शाल सारखी केली आणि एकेक शब्द नीट म्हणाल्या, “अनवधानाने कुणाचं नाव राहिलं असल्यास क्षमस्व.”

शिरगुप्पे बाईंनी नियमांची वही चाळली. मग म्हणाल्या, “पाहुण्यांना हरकत नाही. मात्र विचारावं लागेल. उपस्थितांपैकी कुणाचं नाव राहिलंय का? राहिलं असेल तर आभार पुढे चालू.”

मगदूम म्हणाले, “माझं झालंय. अकराशे वेळा झालंय. आता घरी सोडा.”

बाकीचे माना हलवत होते. तेवढ्यात चौगुले सरांनी खिशातून चिठ्ठी काढली. नऊ मार्चची, घडीवर फाटलेली. त्यांनी चष्मा पुसला, चिठ्ठीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. माणूस प्रामाणिक. म्हणाले, “एक राहिलंय. सर्वांत शेवटी घ्यायचं होतं म्हणून राहिलं. कार्यवाहांचं.”

सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच हे लोक एकदम माझ्याकडे बघत होते. नाव ओठावर होतं सरांच्या. पण शेवटचं नाव शेवटीच घ्यायचं, आणि त्याआधी शेगडीवाला अर्धा राहिलेला, सकाळचा दूधवाला, फुलवाली, वाटेत आम्हाला रस्ता ओलांडू देणारा रिक्षावाला. संध्याकाळपर्यंत आणखी किती. लेकीला दवाखान्यात नेलं होतं.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, “माझं नाव झालंय.”

सर म्हणाले, “कधी?”

“मार्चमध्ये. वायर गेली होती तेव्हा. माईक बंद होता म्हणून कुणाला ऐकू गेलं नाही. मी ऐकलं.”

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. त्यांची स्मरणशक्ती मी आधी सांगितलीच आहे. मग त्यांनी चिठ्ठीची घडी घातली. अध्यक्षांनी मला ते इतिवृत्तात लिहायला सांगितलं, आणि मी लिहिलं. बावीस वर्षांच्या इतिवृत्तात तेवढी एक ओळ खोटी आहे. मग राष्ट्रगीत झालं. चौगुले सर खुर्चीत बसले, आणि कसं बसायचं हे त्यांना जरा आठवावं लागलं.

स्टेशनवर खिडकीतल्या माणसाने न विचारता दुपारच्या पुण्याच्या गाडीचं तिकीट दिलं. “झाला वाटतं,” म्हणाला. पुण्याहून विमानतळावर न्यायला आमचे एक सभासद येणार होते.

डब्याच्या दारात यास्नाबाई थांबल्या. हातात कोंबाचा नारळ. म्हणाल्या, “नाव झालं नव्हतं. मी रोज पहिल्या रांगेत होते. सगळी नावं ऐकली. तुमचं नव्हतं.”

मी म्हटलं, “बाई, सिग्नल पडलाय. आत बसा.”

त्यांनी नारळ दुसऱ्या हातात घेतला, घसा साफ केला आणि सुरुवात केली, “आणि सर्वांत शेवटी...”

“इथे नको,” मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं, आजूबाजूचे बघायला लागले. “पाया पडतो. गाडी सुटल्यावर काय ते म्हणा.”

त्या आत गेल्या. गाडी वेळेवर सुटली. काच बंद होती. काचेमागे त्यांचे ओठ हलत होते, फलाट संपेपर्यंत. घरी सौभाग्यवतींनी विचारलं, “मानले का एकदाचे तुमचे आभार?” मी म्हटलं, “ऐकू नाही आले.”

काल बाईंच्या जावयाचं इंग्रजीत पत्र आलं. मुलगी झाली, मायलेकी बऱ्या आहेत, सासूबाई आदल्या दिवशी पोचल्या. पुढे त्यांनी लिहिलंय की, सासूबाई घरात आल्या त्या बोलतच आल्या. विमानातही बोलत होत्या असं कळतं. बाळाला मांडीवर घेतलं तरी बोलणं चालू असतं. भाषा तुमची असावी. आम्हाला त्यातलं एकच ओळखू येतं, कारण ते प्रत्येक वाक्यात येतं. नेमिनाथ आरवाडे. हे काय आहे आणि ते साधारण किती दिवस चालतं? बाळाचं नाव ठेवायचं खोळंबलं आहे.

मी पत्र चार वेळा वाचलं. एकदा मोठ्याने वाचलं. मग अंकाचं काम बाजूला ठेवून लगेच उत्तर लिहिलं. नाव ठेवायच्या दिवशी सगळ्यांसमोर त्यांना एवढंच विचारावं की, कुणाचं नाव राहिलंय का. त्या आपोआप थांबतील. तो दिवस कधी धरायचा हे तुमचं तुम्ही ठरवा, पण घाई नसेल तर तोवर चालू द्यावं, ही विनंती.